माणसं तेवढीच, घर एक जास्त

जनगणनेची बाई रविवारी येणार हे कळल्यापासून वहिनींनी घर असं आवरायला घेतलं होतं, जणू सरकार धूळसुद्धा मोजून नेणार आहे. जिन्याखालची अडगळ मागच्या खोलीत गेली, मागच्या खोलीतली पलंगाखाली गेली, आणि गेली नऊ वर्षं वरच्या मजल्यावरच्या बोळात उभ्या असलेल्या धाकटीच्या शिवणयंत्रावर चादर पडली.

"ते झाकलंत कशाला?" धाकटीनं विचारलं. मंगळवारपर्यंत तिला शाळेच्या गणवेशाचे सदतीस शर्ट द्यायचे होते.

"बोळात यंत्र दिसलं की लोकांना वाटतं घरात जागा नाही."

"घरात जागा नाहीच, वहिनी."

"सहा खोल्या आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि विषय संपला. या घरात खोल्यांचा विषय नेहमी याच वाक्यावर संपायचा.

सहा होत्या हे खरं. खाली बैठक, स्वयंपाकघर, दादा-वहिनींची खोली, आणि वडील गेल्यावर अक्कांना मिळालेली त्यांची खोली. वर दोन. एकीत दादांचा भाऊ धाकटा, त्याची बायको धाकटी आणि त्यांची अकरा वर्षांची चिमी, दुसरीला कुलूप. ती बाळाची. बाळ चोवीस वर्षांचा होता, दादा-वहिनींचा एकुलता एक, आणि तीन वर्षांपासून शहरात नोकरीला. वर्षातून चार-पाच दिवस यायचा. त्यातले दोन झोपून काढायचा. बाकीचे तीनशेसाठ दिवस वहिनी त्याच्या खोलीतला पंखा पुसायच्या.

अकराच्या सुमाराला बाई आली. पायांत धुळीचे बूट, खांद्याला पिशवी, काखेत पुठ्ठ्याला लावलेले कागद. बैठकीत सगळे आधीच बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. तिनं पाणी मागितलं, एका दमात संपवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"घरात राहणारी माणसं किती?"

"सात," वहिनी म्हणाल्या.

"सहा," अक्का म्हणाल्या.

अक्का म्हणजे दादांच्या बहीण, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. गावच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला इंजेक्शन जरा जोरात टोचायच्या. आकड्यांच्या बाबतीत त्यांना भीड नव्हती.

"बाळ धरून सात," वहिनी म्हणाल्या.

"बाळाचं वय?" बाईनं विचारलं.

"चोवीस."

बाईचं पेन थांबलं. चिमी खुदकन हसली. तिच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

"तो इथे राहतो का?"

"घर त्याचं इथेच आहे."

"मी 'राहतो का' विचारलं."

"सध्या कामानिमित्त बाहेर आहे," वहिनी म्हणाल्या. 'सध्या' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू बाळ कोपऱ्यावर मीठ आणायला गेलाय. बाईनं त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, नुसती बारीक रेघ मारून ठेवली, आणि पुढं गेली.

"कुटुंबप्रमुख कोण?"

वडील गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न अजून कुणी कुणाला विचारला नव्हता. दादांनी घसा साफ केला.

"नियम काय म्हणतो?"

"घरातली माणसं ज्याला मानतात तो."

"मग अवघड आहे," धाकटा म्हणाला.

"मोठी मी," अक्का म्हणाल्या, "पण या घरात साखरेचा डबा कुठं असतो तेही मला विचारावं लागतं. मला यातून वगळा."

"दादांचं नाव लिहा," धाकटी म्हणाली, "आणि काही विचारायचं असेल तर वहिनींना विचारा."

"बहुतेक घरांत असंच आहे," बाई म्हणाली आणि दादांचं नाव लिहिलं. वहिनींना ते आवडलं, पण त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. दादांना ते खटकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं.

दादा लाकडाच्या वखारीत मापारी होते. आडवं पडलेलं खोड नुसत्या नजरेनं बघून त्यात किती घनफूट लाकूड निघेल हे ते सांगायचे, आणि मागाहून फूटपट्टी लावली तर फरक पडायचा बोटभर. त्यामुळे माणसांचा अंदाजही आपल्याला तितकाच चोख येतो अशी त्यांची समजूत होती. बाईनं उत्पन्न विचारायला सुरुवात केली तेव्हा उत्तरं तेच देत गेले. स्वतःचं सतरा हजार. धाकटा पाणीपुरवठ्यात फिटर, त्याचं पंधरा. अक्कांचं त्यांनी अक्कांवर सोडलं, कारण तीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. अक्का उठल्या आणि त्यांनी बाईच्या कानात सांगितलं.

"आणि या?" बाईनं धाकटीकडे पेन वळवलं.

"ती घरीच असते," दादा म्हणाले. "फावल्या वेळात शिवते थोडंफार."

"फावल्या वेळात," धाकटी म्हणाली, "महिन्याला एकवीस हजार. शाळा उघडायच्या वेळेला तीस."

बाईनं लिहून घेतलं. धाकटा शर्टाचं बटण सोडून पुन्हा लावायला लागला. दादा धाकटीकडे बघत राहिले. रात्री झोपताना वरून यंत्राची घरघर यायची. तिची त्यांना इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी ती नसली तर झोप लागायची नाही. तो आवाज म्हणजे आपल्या पगारापेक्षा चार हजार जास्त, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"एकवीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, दादा."

"विचारायला कशाला हवं? घरात कळतंच की."

"अरे, कळलं का पण?" अक्का म्हणाल्या.

बाईनं कागद उलटला. आता तिला घाई झालेली दिसत होती. सकाळपासून तिनं अख्खी गल्ली पायाखाली घातली होती, आणि या गल्लीनं तिला चांगलंच कंटाळवलं होतं. "चौदा घरं, त्यातली पाच बंद," ती म्हणाली. "दोन घरांत एकेकटी म्हातारी माणसं. एका ठिकाणी आजोबांनी कुत्र्याचं नाव सांगितलं. सगळ्या जिल्ह्यात हेच. घरं उभी आहेत, माणसं नाहीत."

"मला विचारा," अक्का म्हणाल्या. "गेल्या वर्षी दवाखान्यात दोन बाळंतपणं झाली आणि अकरा मृत्यूचे दाखले गेले. आमचे डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर शेवटचा दाखला कुणी लिहायचा ते आत्ताच ठरवून ठेवू."

"पुढचे सहा महिने सगळे इथेच राहणार आहात?" बाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता धाकटीकडे वळली. "हो, तुमचं विचारायचंच होतं. कोपऱ्यावरचं ते स्टेशनमास्तरांचं घर मी रिकामं म्हणून लिहिलं होतं. तर त्याची व्यवस्था बघणारे गृहस्थ म्हणाले, येत्या एक तारखेपासून भाड्यानं गेलंय, गल्लीतल्याच शिवणकाम करणाऱ्या बाईंना. त्या तुम्हीच ना?"

चिमीची खुर्ची करकरली.

बाईनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मला वाटलं घरात माहीत असेल," ती म्हणाली.

"आज जेवण झाल्यावर सांगणार होतो," धाकटा म्हणाला.

"स्टेशनमास्तरांचं घर?" दादांचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला. "ते इथून चाळीस पावलांवर आहे."

"बासष्ट," धाकटा म्हणाला. "मोजलीत."

खरं सांगायचं तर वहिनींनी तयारी केली होती, पण वेगळ्या गोष्टीची. दोन महिने वरच्या खोलीत कुजबुज चालली होती, धाकटा कुठलेसे कागद खिशात घालून फिरत होता, आणि वहिनींनी अंदाज बांधला होता की हे शहरात जाणार. त्याचं दुःख त्यांनी आधीच करून घेतलं होतं. लोकांना काय सांगायचं तेही ठरलं होतं: मुलीच्या शिक्षणासाठी गेले, काय करणार, सगळेच जातात. शहर लांब असतं. लांब गेलेल्या माणसावर कुणी बोट ठेवत नाही. पण बासष्ट पावलांवर जाणाऱ्याचं कारण काय सांगायचं? तिथं तर कुणी शिंकलं तरी इथं ऐकू येईल.

"आपलं भांडण झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, वहिनी," धाकटी म्हणाली.

"मी काही बोलले?"

"नाही."

"मग?"

"भांडण व्हायच्या आधी जावं म्हटलं."

"अक्का, बघितलंस का?" दादा बहिणीकडे वळले. "तू तरी सांग यांना काहीतरी."

अक्कांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तीस वर्षं वाईट बातमी सांगण्याआधी त्या हेच करायच्या. "मी काय सांगू? भाडेपट्ट्यावर साक्षीदार म्हणून सही माझीच आहे."

दादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कुटुंबप्रमुख सोडून."

"मलाही माहीत नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच दादा-वहिनी एका बाजूला आले. ते फार वेळ टिकलं नाही.

"मला खिडकी मिळणार आहे," चिमी म्हणाली. तिच्या मते इतका वेळ मुद्द्याचं कुणीच बोलत नव्हतं. "माझी एकटीची. आणि आईचं यंत्र खोलीत राहणार. मग आम्हाला ते ओलांडून न्हाणीघरात जावं लागणार नाही."

वहिनींनी जिन्याकडे पाहिलं. यंत्रावरची चादर खालूनही दिसत होती. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या आणि मग, कुणाकडेच न बघता, म्हणाल्या, "बाळाची खोली आहे की."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. दादांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू वखारीतलं एखादं खोड उठून बोललं.

धाकटीनं मान खाली घातली. नऊ वर्षं तिनं या वाक्याची वाट पाहिली होती. चिमी दोन वर्षांची असताना तिला वाटायचं, आता म्हणतील. बाळ शहरात गेला तेव्हा वाटलं, आता तर म्हणतीलच. मध्ये एक वर्ष असं गेलं की ते बंद कुलूप बघितलं तरी तिला राग यायचा, आणि तो राग ती शर्टांच्या कॉलरांवर काढायची. आणि आज ते वाक्य समोर आलं, तर तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते नकोय. वाईट वाटलं ते याचंच. वहिनींनी स्वतःच्या काळजाचा तुकडा तोडून पुढं केला होता, आणि तो परत करायची वेळ तिच्यावर आली होती.

"नको, वहिनी," ती म्हणाली.

"का नको? मोठी आहे ती. पूर्वेचं ऊन येतं."

"ती खोली तुम्ही मला दिलीत तरी ती बाळाचीच राहील. मी भिंतीत खिळा ठोकायचा तरी तुम्हाला विचारून ठोकीन. आणि तुम्ही हो म्हणाल, आणि रात्रभर जाग्या राहाल."

"मी कशाला जागी राहीन?"

"राहशील तू," दादा म्हणाले. "त्याच्या खोलीतलं घड्याळ हलवलं मी एकदा, तर दोन दिवस बोलली नव्हतीस."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. एका बाजूला आलेले दोघे पुन्हा दोन बाजूंना गेले. पण मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तीन दिवस," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा अक्का हसल्या, मग धाकटा. जनगणनेची बाई हसावं की नाही हे न कळून कागदांकडे बघत राहिली.

"त्या रकान्याचं काय करू?" तिनं हळूच विचारलं. "सात की सहा?"

वहिनींनी पदर सारखा केला. "शहरात त्याला मोजलं असेल ना?"

"तिथं कुणी ना कुणी आलंच असेल. तिथंही आमची माणसं फिरतायत."

"मग सहा लिहा. एका माणसाला दोनदा मोजू नये."

दादांनी उगाचच खिडकी उघडली.

बाईनं कागद आवरले. दारात बूट घालताना ती धाकट्याला म्हणाली, "मनावर घेऊ नका. चार महिने मी जिल्हाभर फिरतेय. जिकडेतिकडे घरं तेवढीच आणि माणसं कमी. इथं माणसं तेवढीच आणि घर एक जास्त. असं उलटं झालेलं पहिल्यांदाच लिहितेय."

"हे आमच्या दादाला सांगून जा," धाकटा म्हणाला. "त्याला वाटतंय घर फुटलं."

"ऐकू आलंय मला," आतून दादा म्हणाले.

जेवणं झाली. जेवताना दादांनी एकदा धाकटीला विचारलं, शर्टाला किती कापड लागतं, आणि तिनं सांगितल्यावर बराच वेळ मनात काहीतरी गुणत बसले. तीनच्या सुमाराला भांडी आवरून वहिनी पदार्थांचे डबे फडताळात ठेवता ठेवता धाकटीला म्हणाल्या, "किल्ली दे."

"कसली?"

"बघू तरी दे कुठं राहणार आहात ते."

दोघी निघाल्या. चिमीला यायचं होतं, पण अक्कांनी तिला धरून ठेवलं. बाहेर ऊन कडक होतं आणि गल्ली सुस्त. बंद घरांच्या पायऱ्यांवर मांजरं पसरली होती. धाकटीनं कुलूप काढलं तेव्हा दार दोनदा ढकलावं लागलं.

आत दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, त्यापलीकडे वीतभर अंगण. स्टेशनमास्तर जाऊन आठ वर्षं झाली होती. भिंतीवर घड्याळ होतं तिथं गोल पांढरा डाग उरला होता. वहिनी वखारीत माल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारख्या सगळीकडे फिरल्या.

"मोरीची फरशी तडकलीय."

"बदलून देणार आहेत."

"ही फळी इतक्या वर कुणी ठोकली? स्टेशनमास्तरांची बायको काय शिडीवरून स्वयंपाक करायची?"

"उंच होत्या त्या."

"आणि इथं यंत्र ठेवू नकोस, संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येईल. त्या भिंतीला ठेव. डावीकडून उजेड हवा."

"बरं."

"बरं म्हणू नकोस. तुझं घर आहे, नको असेल तर नको म्हण."

धाकटीला हसू आलं. "त्याच भिंतीला ठेवणार होते."

वहिनी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर टेकल्या. थोडा वेळ अंगणातल्या वाळलेल्या गवताकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "माझ्यामुळे जातेस का गं? खरं सांग. आता इथं कुणी लिहून घेणारं नाही."

धाकटीनं हातातली किल्ली फिरवली. "थोडं तुमच्यामुळे," ती म्हणाली. "बारा वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात काम केलं मी. वाईट कधी वागवलं नाहीत. पण मला अजून माहीत नाही की माझ्या हातची आमटी माझ्यासारखी लागते की तुमच्यासारखी."

वहिनींनी मान हलवली. त्यांना लागलं असावं, पण त्या रागावल्या नाहीत. "मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात नऊ माणसं होती," त्या म्हणाल्या. "सासूबाई, मामंजी, आजेसासरे, हे, अक्का, तुझा नवरा शाळेत जाणारा, दोन आत्या. सव्वीस वर्षं झाली. मी त्या घरात एकटी कधी बसलेय, आठव बरं."

धाकटी आठवायला लागली. आठवेना.

"बाळाची खोली पुसायला जाते ना मी," वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं पोराच्या आठवणीनं जाते. तेही आहेच. पण तिथं दार लावून घेता येतं. दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही."

धाकटी त्यांच्याशेजारी बसायला खाली वाकली, तशी वहिनींनी हात वर केला.

"तू जा. शर्ट पडलेत तुझे."

"आणि तुम्ही?"

"मी बसते जरा. किल्ली ठेव इथं. एक तारखेनंतर तुझं घर, आज अजून रिकामंच आहे." मग हसल्या. "आणि कुणी विचारलं तर सांग, वहिनी घरी नाहीत."

धाकटीनं किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पुढचं दार हलकेच लोटून गेली.

वहिनींनी चपला काढल्या, पाय अंगणात सोडले. पंधरा मिनिटं गेली असतील, कदाचित वीस. मग गल्लीतून दादांचा आवाज आला. "अगं, ऐकलंस का? चहाचं काय करायचं?" आवाज दारापर्यंत आला, थांबला, पुन्हा लांब गेला. वहिनी हलल्या नाहीत. आवाज गेल्याची खात्री झाल्यावर त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून खिडकी उघडली. वारा आत आला. त्या पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.